नवरा-नवरी सोडून बाकीचं

आमच्या पवनीच्या घरात खुर्ची एकच होती आणि ती संगणकासमोर असायची. बाबा शाळेत शिपाई. दिवसभर उभे राहून घरी यायचे, पण त्या खुर्चीवर कधी बसायचे नाहीत. दाराच्या पायरीवर टेकून बूट काढायचे. पाहुण्यांना खाट, आम्हाला जमीन, खुर्ची दादाची. माझा मोठा भाऊ मिलिंद लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा आणि घरी येऊन तिचं मिक्सिंग करायचा. मिक्सिंग म्हणजे दिवसभराच्या लग्नातून नको ते काढायचं, हवं ते एकापुढे एक लावायचं, मध्ये फुलं उडवायची, बदामाच्या आकारात नवरा-नवरीची तोंडं बसवायची, खाली गाणं सोडायचं आणि सीडी करून द्यायची. पुढच्या खोलीच्या अर्ध्या भागात हा कारखाना चालायचा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली ते पांढरं मशीन आणि त्यावर आईनं जुन्या लुगड्याचं शिवलेलं झाकण. मशीन आलं आणि आमच्या घराचा आवाजच बदलला. आधी आमच्याकडे सकाळी आईच्या सुपाचा आवाज असायचा, संध्याकाळी बाबांच्या रेडिओचा. आता दिवसभर त्या डब्यातल्या पंख्याची घरघर आणि लाइट गेली की खालच्या बॅटरीचं टुंई टुंई. त्या दिवसांत लाइट दिवसातून कितीदा जायची त्याला हिशेब नव्हता. टुंई टुंई ऐकू आलं की दादा असेल तिथून धावायचा, संडासात असला तर तिथूनही, आणि गल्लीतली पोरं ओरडायची, "मिलिंददादा, तुमचं पाखरू बोंबलून राहिलं!"

मला मशीनला हात लावायची बंदी होती. झिंगे-वांग्याची भाजी झाली की तिचा वास मशीनला लागू नये म्हणून मधला पडदा ओढला जायचा, तसं मलाही पडद्याच्या अलीकडे ठेवलं जायचं. बाबा हे चारचौघांत कौतुकानं सांगायचे. "मोठा लय शिस्तीचा आहे. लहान्याले माउसले बोट लावू देत नाही." लोक माझ्याकडे बघून हसायचे. मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरी बसलो होतो, मिशा फुटल्या होत्या, आणि माझ्याच घरातल्या एका वस्तूला शिवायचा मला अधिकार नव्हता. मला त्या खुर्चीचा राग होता, दादाचा राग होता, बाबांच्या त्या कौतुकाचा तर फार राग होता. हे आधी सांगतो, कारण पुढचं जे झालं ते अपघातानं झालं असं कोणीही म्हणेल. अपघात करणाऱ्याच्या मनात राग नसतो.

खाटेवर मागे बसून मी दादाचं काम डोळ्यांनी शिकलो होतो. त्याचा एक नियम होता, भंडाऱ्याच्या त्याच्या उस्तादानं शिकवलेला: नवरा-नवरी सोडून बाकीचं उडवायचं. जेवणाऱ्या पंगती, रिकामा मांडव, झोपलेली पोरं, कॅमेरा चालू राहिल्यामुळे आलेली जमीन, सगळं उडवायचं. फार तर नवरीचा मामा ठेवायचा, आणि ज्यानं आंदण म्हणून कपाट दिलं तो पाहुणा ठेवायचा. आणखी एक रीत होती, ती आमच्या भागातल्या सगळ्याच शूटिंगवाल्यांची. कॅसेट मोजक्याच असायच्या. एका लग्नाची कॅसेट मशीनमध्ये उतरवून घेतली की तीच पुढच्या लग्नात कॅमेऱ्यात घालायची. पहिल्या लग्नावर दुसरं चढायचं, दुसऱ्यावर तिसरं. म्हणजे मशीनमध्ये जे उतरलं तेच खरं. ते गेलं तर परत घ्यायला जागा नाही. हे मला पाठ होतं.

त्या उन्हाळ्यात मामाच्या मुलीचं, सुजाताताईचं लग्न झालं. मामाचं गाव वैनगंगेच्या काठी. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आता त्या नावापुढे 'पुनर्वसन' असा शब्द लावावा लागतो आणि तो माझ्या हातून उतरत नाही. गोसीखुर्दचं धरण उभं राहत होतं. नोटिसा वाटून झाल्या होत्या, पहिली काही घरं निघून गेली होती. जाणारे लोक घराची दारं, चौकटी, छपरावरचे कवेलू काढून घेऊन जायचे, त्यामुळे गल्लीत मध्येमध्ये तोंड वासलेली घरं दिसायची. मामानं आपलं दार काढू दिलं नव्हतं. म्हणायचा, पोरीचं लगन याच दारात लागंल, मंग पाहू. त्या गावातलं ते शेवटचं लग्न, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंगतीत वरण-भात आणि वांग्याची भाजी वाढताना बाया एकमेकींना तेच सांगत होत्या, जणू बातमी ताजी आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मामानं दादाला कॅमेऱ्यासकट उचललं आणि घरोघरी फिरवलं. मी मागून बॅटरीची पिशवी घेऊन होतो. मामा पुढे चालत हातानं दाखवायचा, "हे घे. हेही घे. हे सोनबाचं घर. सोनबा, बाहेर ये बे. बनियनवरच ये, तुले कोण सिनेमात घेऊन राहिलं?" एक म्हातारी दारातून ओरडली, "मी तं आंघोळ नाही केली!" मामा म्हणाला, "मावशी, टीव्हीतून वास येत नाही. उभी राय." सगळे हसले. दादानं विहार घेतलं, हापशी घेतली, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाळीवरची चिंच घेतली, आईच्या माहेरच्या घरातली धानाची कोठी घेतली, जिच्यामागे लपून आई लहानपणी शाळा चुकवायची. निघून गेलेल्यांची उघडी घरंही घेतली. मामा प्रत्येक घराचं नाव मोठ्यानं सांगायचा म्हणजे कॅमेऱ्यात आवाज भरावा. ऊन रणरणत होतं, मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "दादा, काहून भिंती घेऊन राहिला? कॅसेट संपंल ना." मामाच थांबला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "संजू बापू, लगन कुठंही लागते. हे एकडाव गेलं म्हणजे गेलं." मग दादाला म्हणाला, "याची येगळी सीडी करजो, मिलिंद. लग्नाची येगळी, गावाची येगळी. तिकडे गेल्यावर लावून पाहीन."

म्हणजे मला सांगितलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची वाट मी स्वतःसाठी ठेवलेली नाही.

लग्नानंतर आठवडाभरात सगळं मशीनमध्ये उतरलं. कॅसेट त्याच दिवशी अड्याळकडच्या एका लग्नात गेल्या. तीन-चार दिवसांनी दादा दुसऱ्या शूटिंगला गेला होता, बाबा शाळेत, आई विहारातल्या बायांबरोबर कुठे तरी नामकरणाला. राजू आला. राजूच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, त्याच्या घरी टेबल-खुर्च्या होत्या, पण संगणक नव्हता, आणि नागपूरच्या आतेभावाकडून त्यानं गाड्यांच्या शर्यतीच्या गेमच्या दोन सीडी आणल्या होत्या. "दहा मिनिटांचं काम आहे बे. खेळू, अन् काढून टाकू. तुया भावाले स्वप्नातही समजणार नाही." मी झाकण काढलं. त्या खुर्चीवर बसलो. ती फिरते हे मला बघून माहीत होतं. बसून पहिल्यांदाच कळलं. मी एक गिरकी घेतली. आज हे लिहितानाही ती गिरकी आठवली की आपल्याच कानाखाली लावून द्यावीशी वाटते.

पहिली सीडी सुरळीत गेली. दुसरीवर ओरखडे होते. मशीन तिला आत घेऊन घर्र घर्र करायचं, थांबायचं, पुन्हा घर्र. पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्याच्या पुढे जाऊन अडकली आणि लाल फुलीची चौकट आली. राजू म्हणाला, "पुन्हा टाक." पुन्हा टाकलं, पुन्हा तिथेच. मग त्याच्या डोक्यातून निघालं की दोन्ही सीडी आधी मशीनमध्ये उतरवून घ्यायच्या आणि मग आतल्या आत टाकायचं. तेही केलं. सीडी राजूच्या बनियनला पुसल्या, तोंडाची वाफ देऊन पुसल्या. गेम काही आला नाही, पण प्रत्येक वेळी त्यानं आपलं अर्धं सामान आत टाकून ठेवलं, आणि शेवटी कोपऱ्यातून एक पिवळा फुगा वर आला: जागा संपली. मी राजूकडे पाहिलं. तो चपला घालत होता. "आता तू पाय बा, मले दुकानात बसायचं आहे." सीडी तिथेच टाकून गेला. पुढे कित्येक वर्षं तो भेटला की हसून विचारायचा, "काय, कोणता गेम चालू आहे?" त्याला काहीच झालं नव्हतं ना.

दादा संध्याकाळच्या आत येणार होता आणि आल्याबरोबर सुजाताताईच्या लग्नाची फिल्म बनवायला लावणार होता. त्याला भरपूर मोकळी जागा लागायची, हे मी मागे बसून शिकलो होतो. जागा नसली की मशीन मध्येच थांबायचं आणि दादा डोकं धरून बसायचा. मी गेमचं सगळं उडवलं. आकडा पाहिला. जागा तेवढीच. पुन्हा शोधलं, उरलंसुरलं उडवलं, आकडा ढिम्म. आजचं कुठलंही पोर हसेल. उडवलेलं सगळं त्याच मशीनमधल्या कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसलं होतं आणि पूर्वीइतकीच जागा अडवून होतं. डबा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता, कागदाच्या बोळ्यांनी भरलेला. एकदा रिकामा केला असता की झालं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला काही सुचलं नाही. दादाच्या कामात मी त्याला कधी तो डबा उघडताना पाहिलं नव्हतं. दादा तुकडे पाहून-पाहून एकच उडवायचा, ज्यात नवरा-नवरी नाही ते, आणि तेवढंच मला येत होतं.

मी लग्नाचा फोल्डर उघडला. दादा तुकड्यांना नावं देत नसे, नुसते आकडे. मी एकेक तुकडा चालवून पाहिला. हार घालताना सुजाताताई आणि जावई: ठेवलं. त्रिशरण घेताना सगळे उभे: ठेवलं. मग सोनबा बनियनवर. नवरा नाही, नवरी नाही. मग भिंत, चिंच, बोडी, उघडी घरं, मामाचा आवाज, "हे घे." नवरा नाही, नवरी नाही. मी ते उडवायला गेलो तशी मशीननं इंग्रजीत विचारलं की हे डब्यात मावणार नाही इतकं मोठं आहे, कायमचंच काढू का. मी बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेला पोरगा होतो. मला ते वाचता आलं आणि समजलंही. घाम येत होता, बाहेर गल्लीत प्रत्येक मोटारसायकल दादाचीच वाटत होती. मनात म्हटलं, लग्नात मागे गाव दिसतेच ना, काय फरक पडते. आणि हो म्हटलं. पुढच्या तुकड्यालाही तेच. पुढच्याही. आकडा झरझर वाढला, जागाच जागा झाली. मला इतकं हलकं वाटलं की मी झाकण घालून वरून हातही फिरवला.

दादा आला, हातपाय धुऊन बसला, फिल्म लावली. मी त्याला पाणी नेऊन दिलं. तो पाणी पिताना म्हणाला, "आज लय मस्त चालून राहिलं मशीन. अडकलंच नाही." मी हसलो.

पंधरवड्यानं त्यानं गावाची सीडी करायला घेतली तेव्हा त्याला कळलं. मधल्या काळात मशीनमध्ये लग्नाची फिल्म तयार झाली होती आणि आणखी दोन लग्नं उतरली होती. मी जेवत होतो, लाखोळीची डाळ आणि भात. पडद्यापलीकडे माउसची टकटक वाढत गेली आणि मग बंद झाली. दादानं शेवटचा उपाय म्हणून तो कचऱ्याचा डबा उघडला होता. त्यात गाव नव्हतं. त्यात गेम होता, दोन्ही सीडींचा जेवढा उतरला होता तेवढा सगळा, नीट सांभाळून ठेवलेला.

त्यानं मला ताटावरून उठवलं. एकच थापड मारली, पण अशी की भात माझ्या हातातून भिंतीवर गेला. "कोण बसलं होतं?"

"मी."

"काय काढलं?"

"ज्यात नवरा-नवरी नव्हती ते."

त्याचा दुसरा हात वर गेलेला तसाच राहिला. हे वाक्य त्याचंच होतं. त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं मी त्याला परत दिलं, आणि ते मुद्दाम दिलं. मला कुठे तरी मारायचंच होतं त्याला. आई चुलीजवळून उठून आली. तिनं विचारलं, "भाऊच्या गावचं गेलं काय?" दादानं मान हलवली. "कोठीही?" "सगळंच गेलं, आई." मी मशीनमागे लपवून ठेवलेल्या राजूच्या सीडी दादानं काढल्या होत्या, त्या तिनं घेतल्या आणि चुलीत घातल्या. काळा धूर झाला, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. वर बाकीच्यांचा भात शिजत होता तो त्या वासानं भरला. बाबा आले, त्यांना सगळं सांगून झालं, आणि मग आईनं तोच भात सगळ्यांना वाढला. कोणी नाही म्हणालं नाही. बाबांनी तेवढं एकदा दादाला म्हटलं, "तू तरी कॅसेट कायले खोडली? आपल्या घरचं काम होतं ना ते." दादानं ताट तसंच सोडलं. मला त्या क्षणी बाबांबद्दल प्रेम वाटलं. चूक थोडी तिकडेही सरकली म्हणून. अशा वेळी माणूस किती हलकट होतो, ते मला त्या रात्रीच्या जेवणापासून माहीत आहे.

दादानं मशीन उघडून आतली डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि एसटीनं नागपूरला नेली. तिथल्या संगणक बाजारात एक माणूस गेलेलं परत काढून द्यायचा. त्यानं दिवसभर ठेवून घेतली आणि सांगितलं की वरून दुसरं लिहिलं गेलंय, खालचं निघणार नाही. लगेच आणली असती तर निघालं असतं. 'लगेच' हा शब्द दादानं घरी येऊन मला ऐकू जाईल असा दोनदा उच्चारला. ते पंधरा दिवस मी गप्प होतो. दादाला पाणी देत होतो.

आजकाल आमच्या नातेवाइकांचा मोबाइलवर एक गट आहे, त्या गावाच्याच नावाचा. दर काही महिन्यांनी कोणी तरी त्यावर विचारतं, जुन्या गावाचा कोणाजवळ फोटो आहे काय. कोणाजवळच नसतो, कॅमेरा होता कोणाकडे? मग खाली हात जोडलेली चित्रं येतात. माझा भाचा, सुजाताताईचा मुलगा, जेवणाच्या ताटाचे दहा-दहा फोटो काढतो आणि जागा भरली की न बघता उडवतो. मी त्याच्यावर ओरडतो. तो म्हणतो, "मामा, टेन्शन काहून घेता, सगळं वर सेव्ह राहते." माझा राग त्याला कळत नाही, आणि कळावा अशी त्याची काही चूकही नाही.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मामाचं घर नव्या वस्तीत गेलं. एका ओळीत आखलेले प्लॉट, लाल मुरमाचे रस्ते, सावलीला एक झाड नाही. भिंती झाल्या होत्या, प्लास्टर नव्हतं. जुन्या घराचं दार मात्र मामानं आणून लावलं होतं, नव्या भिंतीला ते मोठं होत होतं. आम्ही सगळे गेलो. सुजाताताई माहेरी आली होती. शेजारपाजारचे गोळा झाले, सोनबाही आला, आणि दादानं लग्नाची सीडी लावली. मी आजवर लग्नाच्या पुष्कळ फिल्मा लोकांना बघताना पाहिल्यात. अशी बघितलेली पाहिली नाही. नवरीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे पडद्याच्या कडा बघत होते. "थांबव, थांबव! जावयाच्या मागं पाय, हापशी!" "कुठं?" "कानाच्या बाजूनं." "अरे हो. दांडा दिसून राहिला." सुजाताताई लटक्या रागानं म्हणाली, "मले पाहा ना कोणी!" आणि हसता हसता तीही जवळ सरकून स्वतःच्या खांद्यामागची भिंत बघू लागली. दादा पुन्हा पुन्हा मागे नेत होता. त्याचा घाम मला दिसत होता.

सीडी संपली. मामा म्हणाला, "आता ते लाव. गावाचं."

दादा खाली बसला होता, तो उठला नाही. म्हणाला, "मामा, ते नाही राहिलं. माया हातानं उडालं."

मामा दादाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सरकारनं पाण्यात टाकलं. तू कशात टाकलं रे?" आवाज चढवला नव्हता. सोनबा उठून बाहेर निघून गेला.

मी उभा राहिलो. इतक्या मोठ्यानं बोललो की मामी दचकली. "मामा, दादानं नाही. मी उडवलं. मी गेम टाकत होतो. माया हातानं गेलं."

मामानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. "बस बापू, खाली बस. तुले तं तो मशीनले हात नाही लावू देत, साऱ्या पवनीले ठावं आहे. तुया बापच सांगते."

"लावला होता, मामा. खरंच. दादाले विचारा."

मामी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "भाऊ असावा तं असा. मोठ्याचं आपल्या अंगावर घेऊन राहिला." आणि शेजारच्या बाया माना हलवायला लागल्या. मी दादाकडे पाहिलं. तो सीडी कव्हरात घालत होता. मी आईकडे पाहिलं. आईला सगळं माहीत होतं. तिनं सीडी जाळल्या होत्या. ती आपल्या पायाच्या बोटांकडे बघत बसली. बाबा खोकले. माझं खरं बोलणं त्या खोलीत माझ्या तोंडापासून दोन हातांवर पडलं आणि त्याचं तिथेच भलतंच काही तरी झालं. मला इतका राग आला की मी त्या मोठ्या दारातून बाहेर गेलो आणि मुरमात लाथा मारत उभा राहिलो. तेही लोकांना आवडलं असणार.

परत येताना दादाच्या मोटारसायकलवर मी मागे होतो. नदीच्या पुलाजवळ त्याला गाडी थांबवायला लावली. "काहून खोटं बोललास? मी सांगत होतो ना. एकदा हो म्हटलं असतं."

तो गाडीवरून उतरलाही नाही. हँडल धरून समोर बघत म्हणाला, "मामानं तुले चार शिव्या देल्ल्या असत्या. मामीनं जेवाले घातलं असतं. पोट भरून झोपला असतास अन् सकाळी मोकळा. मी नाही होऊ देत तुले मोकळा."

"अन् तुयं काय? लोक तुले बोलतील."

"बोलू दे. मशीन मायं होतं. कॅसेट मीच खोडली. तुयं तू पाय."

लोक बोललेच. सुजाताताईच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मामानं भंडाऱ्याचा शूटिंगवाला बोलावला. नदीकाठच्या त्या सगळ्या नव्या वस्त्यांमधून दादाचं काम तुटलं. गाव उडवणारा, असं त्याचं नाव पडलं. वर्ष-दीड वर्षात त्यानं कॅमेरा विकला आणि नागपूरला एका स्टुडिओत दुसऱ्यांच्या लग्नांचं मिक्सिंग करायला नोकरीला लागला. अजून तिथेच आहे. आम्ही बोलतो, सणावाराला भेटतो, पोरांच्या शिक्षणाचं विचारतो. हा विषय त्यानं पुन्हा काढला नाही आणि मी काढला की तो उठून जातो. मला त्याचा राग येतो. शिक्षा मला द्यायची तर दिली असती. त्यासाठी आपलं बसलेलं काम का मोडलं? मी केलं त्याचा मालक मीच होतो, तेवढंही त्यानं माझ्याकडे राहू दिलं नाही. आणि मग आठवतं की पंधरा दिवस मी त्याला पाणी नेऊन देत होतो, आणि त्याच्यावर रागावलेला मी पुन्हा आपल्यावर येऊन आदळतो.

मामाला मी सोडलं नाही. दर भेटीत सांगायचो. माझ्या लग्नात सांगितलं, नोकरी लागली तेव्हा पेढे देताना सांगितलं. दर वेळी तो जास्तच माया करायचा. वस्तीतल्या कोणाशी ओळख करून देताना म्हणायचा, "हा माया लहाना भासा. भावाची चूक अजून आपल्या डोक्यावर घेऊन फिरते." शेवटचं गेलो तेव्हा तो खाटेला लागला होता, पण जेवताना मला जवळ बसवून घेतलं. मी ठरवूनच गेलो होतो. सगळं सांगितलं, राजूपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत, कुठला तुकडा कसा पाहिला आणि कशाला हो म्हटलं ते सगळं, त्यानं घरोघरी घेतलेल्या नावांसकट. सोनबाचं, मावशीचं, आईच्या कोठीचं. नावं ऐकताना तो डोळे मिटून होता. मला वाटलं, आता पटलं. आता तो मला शिवी देईल. मी शिवीची वाट पाहत होतो.

त्यानं डोळे उघडले, मामीला माझ्या ताटात आणखी झिंगे वाढायला खुणावलं आणि माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाला, "हो रे बापू. तूच. जेव आता."